सहायक क्रियापदांचा हंगाम

फेब्रुवारी लागला की आमच्या वडशात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. राइस मिलच्या कोंड्याची धूळ कोरडी होऊन घशात बसायला लागते आणि दहावीच्या वर्गात सहायक क्रियापदांची उजळणी सुरू होते. दोन्हींचा त्रास घशालाच. काल तिसऱ्या तासाला एका मुलाने फळ्यावर 'शी इज गो' असं ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि खडू ठेवून माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहिलं. त्याच्या आईनेही माझ्याच वर्गात हेच वाक्य लिहिलं होतं, अगदी ह्याच आत्मविश्वासाने.

"गो म्हणजे जाणे, इज म्हणजे आहे. जात आहे. बराबर तर हाय मॅडम," तो म्हणाला.

त्याचं काही चुकत नाही, हेच तर मला थकवतं. मराठीत विचार करणाऱ्या माणसाने दुसरं काय लिहावं? मी फळा पुसला. 'गोइंग' का, 'गो' का नाही, हे पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. खिडकीबाहेर पळस फुलला होता आणि मागच्या बाकावरच्या दोघी त्याच्याकडेच बघत होत्या. मी त्यांना रागावले नाही. मलाही तिकडेच बघावंसं वाटत होतं.

मी मूळची वरोऱ्याची. बाबा रेल्वेत होते. घरात बुद्धांच्या तसबिरीखालच्या फळीवर एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी असायची आणि तिला हात लावण्याआधी आम्हाला हात धुवायला लागायचे. बाबांना स्वतःला इंग्रजी बेताचीच यायची, पण पोरीला इंग्रजी आली तर तिला कुणी दारात उभं ठेवणार नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. मी इंग्रजीची शिक्षिका झाले तेव्हा ते स्टेशनातल्या हमालांना पेढे वाटत फिरले. त्या पेढ्यांच्या भरवशावर मी इतकी वर्षं 'हॅज' आणि 'हॅव' करते आहे. आता निवृत्ती दिसायला लागली आहे आणि खरं सांगायचं तर मी तिच्याकडे आशाळभूतपणे बघते.

पण फेब्रुवारीतली ही उजळणी आली की मला काही वर्षांपूर्वीचा एक हंगाम आठवतो. हंगाम म्हणजे आमच्याकडे नाटकांचाही असतो. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत, ह्या आमच्या जंगलाकाठच्या मुलखात, गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. कंपन्यांची ऑफिसं वडशातच. हिवाळ्यात सगळा रस्ता रंगीत बोर्डांनी भरून जातो आणि चारनंतर कंपन्यांच्या गाड्या कलाकार गोळा करत गल्लीबोळांतून हॉर्न वाजवत फिरतात. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला माझ्या गल्लीतले डोमाजीभाऊ एका बाईला घेऊन दारात उभे राहिले. डोमाजीभाऊ एका कंपनीत प्रॉम्प्टर. मंचाच्या पुढच्या कडेला, खाली, लोकांना दिसणार नाही असं बसून नटांना शब्द पुरवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे ते बाजारात भाजीसुद्धा पुटपुटत मागतात.

"जयभीम मॅडम," ते पुटपुटले. "हे शीला. आमच्या कंपनीत काम करते. इले दहावी कराची हाय. फॉर्म भरून झाला. बाकीचे विषय करते ते, इंग्रजीतच अडून राह्यली."

मी नाही म्हणणार होते. टेबलावर पूर्वपरीक्षेच्या पेपरांचा ढीग होता, गुडघा दुखत होता, आणि फुकट शिकवण्याचा उत्साह माझ्यातून केव्हाच निघून गेला होता. ती बाई पायरीखाली उभी होती. चाळिशीला आलेली, सडसडीत. कानामागे पिवळा रंग राहून गेला होता, आदल्या दिवशीच्या मेकअपचा. टाळायचं म्हणूनच मी विचारलं, आता ह्या वयात दहावी कशाला?

"मले रात्री घरी निजाचं हाय मॅडम," ती म्हणाली.

मग तिने नीट सांगितलं. नवरा हिवाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जातो. ती नाटकात. पाचवीतली पोरगी, प्रणाली, मावशीकडे, पण मावशीचं घर लहान, म्हणून पोरगी रात्री आपल्याच घरी येऊन म्हाताऱ्या, बहिऱ्या आजेसासूजवळ झोपते. "मी सकाळी घरी पोचते तवा ते शाळेत जाते. ते घरी येते तवा मी निंघते. लेकरू मोठं होऊन राह्यलं अन् मले त्याचं तोंड फक्त रस्त्यात दिसते." तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर एक कंत्राटी जागा निघणार होती. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. अट एकच, दहावी पास.

मी म्हटलं, उद्या चारला ये. म्हटल्यावर लगेच स्वतःचाच राग आला.

तर असे ते वर्ग सुरू झाले. माझ्या पडवीत, चार ते गाडी येईपर्यंत. शीला अर्धवट झोपेतून उठून यायची. चेहऱ्यावर पाणी मारलेलं, डोळे लाल. डोमाजीभाऊ तिच्यासोबतच यायचे, कारण गाडी त्यांनाही तिथूनच उचलायची. ते पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर मांडी घालून बसायचे, मान खाली. अशा ह्या दोन पेंगुळलेल्या माणसांपुढे तिसरी दमलेली बाई इंग्रजी क्रियापदांचं कुटुंब उलगडत बसायची.

सहायक क्रियापदं शिकवायला अवघड नाहीत, पटवायला अवघड आहेत. आपल्या भाषेत काम आधी येतं आणि मदत मागाहून. 'झोपून राह्यली असती' असं शीला म्हणायची, म्हणजे पहिल्याच शब्दाला माणूस झोपलेलं असतं. मग ते चालू होतं का, घडलंच नाही का, ते सगळं सावकाश मागून येतं. इंग्रजीत उलटं. 'शी वुड हॅव बीन स्लीपिंग.' आधी 'वुड', म्हणजे घडलं नाही. मग 'हॅव', म्हणजे वेळ निघून गेली. मग 'बीन', म्हणजे चालूच राहिलं असतं. एवढे सगळे दारात ओळीने उभे राहणार, तेही ठरलेल्या क्रमाने, आणि मग कुठे आत झोप. मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा शीलाने बोटाने त्यातले शब्द मोजले.

"इतके जण कायले लागतेत एका झोपेले?" तिने विचारलं.

मला हसू आलं. मी म्हटलं, लागतात बाई, इंग्रज माणूस काळाच्या बाबतीत फार काटेकोर. पण त्या दिवशी पेपर तपासताना मी तिचाच प्रश्न घोळवत होते. किती जण लागतात, खरंच. मावशी लागते, आजेसासू लागते, कंपनीची गाडी लागते, आणि तरी झोप येतच नाही.

'डू'ची गंमत तिला आवडायची. हा बिचारा एरवी स्वतःचा काही अर्थ असलेला शब्द, पण प्रश्न विचारायचा किंवा नकार द्यायचा झाला की नुसता उभा राहायला पुढे येतो. 'डिड शी स्लीप?' इथे भूतकाळाचं ओझं 'डिड'ने उचललं, म्हणून 'स्लीप' मोकळं. दोघांनी उचलायचं नाही. आमची मुलं मात्र दर वर्षी 'डिड शी स्लेप्ट' लिहितात, दोघांच्याही डोक्यावर तेच गाठोडं. शीलाने ही चूक फार लवकर सोडली. "एकानं घेतलं तर दुसऱ्यानं कायले घ्याचं," ती म्हणायची. ती नाटकवाली होती, मंचावर सामान कुणी न्यायचं ते तिला ठाऊक होतं.

एकदा ती वाक्य अर्ध्यावर असतानाच खांबाला टेकून झोपली. 'शी हॅज', एवढंच तोंडात होतं. मी उठवणार तेवढ्यात कोपऱ्यातून पुटपुटणं आलं, "झोपू द्या मॅडम. काल लढाईचा सीन मोठा होता." मी पेपर ओढून तपासत बसले. समोरच्या तारेवर कुणीतरी घातलेली गोधडी वाळत होती, रेल्वे फाटक पडल्याची घंटा वाजत होती, आणि ती बाई तोंड थोडं उघडं ठेवून झोपली होती. मला तिचा इतका हेवा वाटला की मीही डोळे मिटले. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा आम्ही तिघंही दचकलो.

तोंडी उत्तरं ती झकास द्यायची. मी प्रश्न विचारला की क्षणभर थांबायची, मान किंचित तिरकी करायची, आणि मग पूर्ण वाक्य खणखणीत आवाजात. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा आवाज. शेजारच्या बाई कौतुकाने विचारायच्या की कोण आलंय, साहेबीण का? मला वाटलं, ही पास होते. मनातल्या मनात मी थोडी मिरवलेही.

मग फेब्रुवारीत मी तिला सराव पेपर दिला. डोमाजीभाऊ त्या दिवशी पायाला लागलं म्हणून आले नव्हते. तिने खाली मान घालून लिहिलं, घाम पुसत लिहिलं, वेळेत दिलं. मी चष्मा लावून वाचायला घेतलं आणि मला काही कळेचना. सगळीकडे अर्धी वाक्यं होती. कर्ता होता, मग बोटभर मोकळी जागा, मग मुख्य क्रियापद. 'शी', जागा, 'गोइंग टू मार्केट'. 'माय डॉटर', जागा, 'नॉट स्लेप्ट'. निबंधभर तेच. सहायक क्रियापद एकही नाही, पण त्यांच्या जागा मात्र अचूक राखलेल्या.

"हे काय गं? इथले शब्द कुठे गेले?"

शीलाने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. "ते तर खालून येतेत ना मॅडम," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिचा चेहरा पडला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झाडीपट्टीत रोज वेगळं नाटक. आज राजमाता, उद्या वकीलबाई, परवा डाकूची बहीण. एवढं पाठ करायला वेळ कुणाला? तालीम नावाला. नट उभा राहतो, प्रॉम्प्टर खालून पहिले शब्द सोडतो, नट ते उचलून पुढचं वाक्य लोकांपर्यंत पोचवतो. तिची मान तिरकी व्हायची ती विचारासाठी नाही, ऐकण्यासाठी. आमच्या पडवीत डोमाजीभाऊ खाली मान घालून बसल्या बसल्या 'इज', 'हॅज', 'वुड' सोडत होते, सवयीने, आणि ती उचलत होती, सवयीने. इंग्रजी त्यांना ओ की ठो येत नव्हती, माझंच रोज ऐकून एवढे शब्द तोंडी बसले होते, आणि त्यांच्या सततच्या पुटपुटण्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं; कधी 'हॅज'च्या जागी 'हॅव'ही जायचं आणि मी तेवढं दुरुस्त करायचे. दोघांनाही आपण काही वावगं करतोय असं वाटलंच नव्हतं. पहिला शब्द आपला नसतो, असंच तिचं आयुष्य होतं.

दुसऱ्या दिवशी डोमाजीभाऊ लंगडत आले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की भाऊ, तुम्ही आता पडवीत बसायचं नाही. त्यांनी पोत्याची कड सरळ केली.

"मी तर काईच करत नव्हतो मॅडम," ते म्हणाले. "नुसता बसून राहो."

"बसताच ना. तुम्ही बसलात की ती ऐकते."

ते उठले आणि चौकातल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. त्या दिवसापासून गाडीची वाट तिथेच बघायचे. मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाला आपल्या दारातून उठवलं, तेही मदत करतो म्हणून. पण परीक्षेत कोपरा नसतो, त्याला मी काय करणार?

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शीला मुकी झाली. प्रश्न विचारला की मान तिरकी, आणि मग नुसती शांतता. मी ओठ घट्ट मिटून बसायचे. पहिला शब्द माझ्याही जिभेवर यायचा. आम्हा मास्तरांना मुलाचं वाक्य सुरू करून द्यायची खोडच असते. दोन बायका एकमेकींकडे बघत बसलेल्या, मध्ये एक न बोललेला 'हॅज'. एकदा ती रडली. "जमत नाई मॅडम, राहू द्या," म्हणाली. मीही राहू द्या म्हणण्याच्या अगदी काठावर होते. तिचा नाही, माझाच धीर सुटत चालला होता.

मग एका दुपारी ती आली तीच वेगळी. पाणी प्यायली आणि म्हणाली, "काल डोमाजीभाऊले म्हटलं, दुसऱ्या अंकात मले शब्द देऊ नोको."

"मग?"

"मग काय, उभी राह्यली. काईच आठवेना. समोर लोकं, पेटीवाला माह्याकडे पाहून राह्यला. डोमाजीभाऊचं तोंड उघडं, पण आवाज नाई. बिचारा घामाघूम. मले वाटलं आता लोक खुर्च्या फेकतेत."

"आणि?"

"अन् मंग आलं. सगळंच नाई आलं, दोन वाक्यं गिळली. पण जे आलं ते माह्यं होतं." ती हसली. "भेव लागते, पण मरत नाई माणूस."

एवढं म्हणून तिने वही उघडली. त्या दिवशी मी प्रश्न विचारला आणि पडवीत जी शांतता पसरली, तिला ती घाबरली नाही. बसली, बसली, बोटाने मांडीवर काहीतरी टकटक केलं, आणि मग म्हणाली, "माय डॉटर हॅज नॉट स्लेप्ट." मी मान डोलावली. लगेच पुढचा प्रश्न विचारला.

इंग्रजीच्या पेपराला इंग्रजीच्या शिक्षकांना वर्गात ठेवत नाहीत. मी शाळेच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभी होते. डोमाजीभाऊही आले होते, धुतलेला सदरा घालून. कंपाउंडपाशी, खिडक्यांकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे. बंदोबस्ताच्या पोलिसाला संशय आलाच.

"का गा बुढा, काय करून राह्यला इथी? कॉपी देतं का?"

"नाई साहेब," डोमाजीभाऊ म्हणाले. "काईच देऊन नाई राह्यलो." आणि पोलिसाला खात्री पटावी म्हणून त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पोलीस हसून पुढे गेला. पेपर संपेपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.

ती पास झाली. काठावर, पण झाली. जागाही मिळाली. पेढे आले, डोमाजीभाऊंनी ते माझ्या पडवीत बसून खाल्ले, आणि मी त्यांना परत कधी उठवलं नाही. गोष्ट इथे संपली असती तर मी ती दर वर्षी वर्गात सांगितली असती. दमलेल्या शिक्षकांना अशा गोष्टी औषधासारख्या लागतात. पण मी ती सांगत नाही, कारण पुढचा हिवाळा.

दिवाळीनंतर बीपीच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात गेले तेव्हा खिडकीत शीला होती. इस्त्रीची साडी, समोर केसपेपरांचा गठ्ठा, आणि डोळे तसेच, लाल. मला वाटलं हिने पुन्हा नाटक धरलं की काय.

"नाई वो मॅडम. घरीच राहते. पण झोपच येत नाई." ती कसंनुसं हसली. "अंग टाकते, दिवा मालवते, अन् नाटकाची वेळ झाली का उठून बसते. पहाटेपर्यंत टक्क जागी. गोळ्या घेतल्या, पायाले तेल लावून पाह्यलं. घरी निजाचं म्हणून एवढं सारं केलं, अन् घरीच निजता येत नाई."

मला संताप आला, कुणाचा ते कळलं नाही. एवढी धडपड, ते लाल डोळे, ती रडारड, त्या म्हाताऱ्याला टपरीवर बसवणं, आणि हाती हे. बाबांची डिक्शनरी, माझा फाटका घसा, सगळंच मला त्या रांगेत उभ्या उभ्या फुकट वाटायला लागलं. केसपेपर घेतला आणि बाकावर जाऊन बसले.

बाकाच्या टोकाला शाळेच्या गणवेशात एक मुलगी चणे खात बसली होती. शाळा सुटली की आईसोबत घरी जायला ती इथेच येऊन बसते, असं शीलाने खिडकीतूनच सांगितलं. हीच प्रणाली. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला विचारलं, आई रात्रभर जागी असते, तुझी झोप मोडत असेल ना गं?

तिने नाही अशी मान हलवली आणि मला थोडे चणे दिले.

"आधी रातच्याले डोळा उघडला का मले लय भेव लागे," ती म्हणाली. "आवाज दिला तं बुढीले ऐकू नाई ये. आता डोळा उघडला का आई दिसते. बसूनच असते. मंग मी पुन्हा झोपते."